‘कोणते पाटील?’ हे एक्सेलला कळत नाही

प्रश्न

(नाव-गाव वगळून, पत्राचा सारांश.)

पत्रलेखिका ३४ वर्षांच्या आहेत. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वडिलांचं शेतीपंप, केबल, पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे. वडिलांची बायपास झाल्यावर पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी त्या दुकानात बसायला लागल्या. सहा माणसं कामाला आहेत. बिलं सॉफ्टवेअरमधून निघतात, जीएसटीचं सीए बघतात. उधारी आणि गोदामातला साठा मात्र वहीत आहे, आणि वही गेली सव्वीस वर्षं दिवाणजी काकांकडे आहे.

यंदा त्यांनी एक शिकवणारे सर बोलावून चार रविवार सगळ्यांना एक्सेल शिकवलं. सरांनी उधारीची एक छान फाइलही करून दिली. तीस दिवसांच्या वरची उधारी आपोआप लाल होते. फाइल सुटसुटीत दिसावी म्हणून मध्ये एक रकाना रिकामा सोडला आहे. दोन महिन्यांत जवळजवळ सगळी फाइल लाल झाली. काका हसले आणि म्हणाले, “ताई, ही सगळी माणसं द्राक्षाचे पैसे आले की देतात.”

पुढे काउंटरवरच्या मुलीने रकमेप्रमाणे यादी लावली आणि वसुलीचे मेसेज पाठवले. त्यात सगळं चुकतं केलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला ३८ हजारांचा मेसेज गेला. ते दुकानात येऊन ताडताड बोलले. लेखिकाही मुलीला सगळ्यांसमोर बोलल्या. तेव्हापासून फाइलला कोणी हात लावत नाही. काका वहीत लिहितात आणि शनिवारी ती मुलगी आठवड्याचं एकदम टाइप करते. साठाही जुळत नाही. भाऊ म्हणतो, एक्सेल येणारा बीकॉमचा मुलगा ठेव आणि काकांना मोकळं कर. वडील म्हणतात, काकांना दुखवू नकोस. सर म्हणतात, आता ‘अॅडव्हान्स्ड’ बॅच घेऊ. लेखिका विचारतात, “शिकायचीच इच्छा नसलेल्या माणसांना शिकवायचं तरी कसं?”

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. काका हसले, ही ती गोष्ट.

ते का हसले, हे जरा बघू. तुमच्या भागात ऑक्टोबरच्या सुमाराला द्राक्षाची छाटणी होते आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. नोव्हेंबरमध्ये मोटार जळाली म्हणून नवी नेणारा बागायतदार पैसे मार्चमध्येच देणार. उसाचं बिल कारखान्याकडून जमा झालं की उसवाला देणार. हे तुमच्या वडिलांना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी उधारी दिली. ‘तीस दिवस’ हा नियम शहरातल्या एखाद्या ऑफिसातून आलेला आहे. तो तुमच्या फाइलमध्ये शिरला आणि त्याने खरे बुडवे आणि सरळ माणसं एकाच लाल रंगात बुडवून टाकली. काकांना हे एका नजरेत दिसलं. शीटमध्ये काय चुकलंय हे ज्याला एका नजरेत कळतं, त्याला ‘शिकायचं नाही’ असं मी तरी म्हणणार नाही.

त्या फाइलला खरं तर एक रकाना कमी पडला होता: ‘कधी देणार’. त्यात ‘द्राक्ष’, ‘ऊस बिल’, ‘महिनाअखेर’, ‘रोख बोलीवर’ एवढे चार-पाच शब्द पुरतात. हा रकाना सरांना सुचणं शक्य नव्हतं, तुम्हालाही अवघडच होतं. सुचला असता तर फक्त काकांना, पण त्यांना कोणी विचारलं नाही. चार रविवार त्यांना फॉन्ट ठळक कसा करायचा हे शिकवलं गेलं.

मी स्वतः बावीस वर्षं लहान दुकानांची आणि कारखान्यांची हिशेबाची कामं केली, त्यातलं एक निरीक्षण सांगते. जुन्या पद्धतीने वही लिहिणाऱ्या माणसाला स्प्रेडशीटचं मूळ तत्त्व आधीच येत असतं. येत नाहीत ती फक्त बटणं. रोजकीर्द म्हणजे काय? दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने, एका व्यवहाराला एक ओळ. खतावणी म्हणजे त्याच ओळी माणसामाणसाच्या खात्यावर नेऊन मांडणं. आणि सगळ्या खात्यांची शिल्लक एका कागदावर उतरवली की झाली तेरीज. चांगली एक्सेल फाइल हुबेहूब अशीच असते. एका पानावर कीर्द, ती माणसाने भरायची. खतावणी ‘सम-इफ’ नावाचं सूत्र करतं, म्हणजे या नावासमोरच्या सगळ्या रकमा शोध आणि बेरीज सांग. तेरीज ‘पिव्हट टेबल’ काढून देतं. पूर्वी दिवाणजी रात्री कंदील लावून जी खतावणी करायचे, तेवढीच यंत्राने उचलली आहे.

गंमत म्हणजे हे यंत्र जन्मलंही वहीच्याच पोटी. १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणारा डॅन ब्रिकलिन वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत होते, आणि एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत होते. हे पुसणं आपोआप झालं तर, असं त्याला वाटलं, आणि १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क बाजारात आलं. एक्सेल त्याच घराण्यातलं. काकांना ही गोष्ट जरूर सांगा. वहीत एक आकडा चुकला की खालच्या सगळ्या शिलका खोडायचा कंटाळा त्यांच्याइतका कोणाला माहीत असणार?

शिकलेली माणसं मात्र हमखास उलटं करतात. प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं पान करतात, महिन्यामहिन्याला जाड शीर्षक टाकतात, दोन घरं जोडून एक मोठं घर करतात, आणि ‘पिवळा म्हणजे अर्धे दिले’ अशी माहिती रंगात साठवतात. दिसायला देखणं, पण यंत्राला यातून खतावणी करता येत नाही. रंगांची बेरीज सूत्राला येत नाही. म्हणून तुमच्या दुकानात शिकवायचा पहिला नियम तोच, जो काकांना त्यांच्या गुरूने शिकवला असेल: एक व्यवहार, एक ओळ, मध्ये रिकामी जागा नाही.

आता त्या रिकाम्या रकान्याकडे येऊ. तुम्ही तो ओघात लिहून गेलात, पण मी तिथेच थांबले.

आज दुकान बंद केल्यावर एक करून बघा. फाइलची एक प्रत काढा. रकमेच्या रकान्यात कुठेही एकदा क्लिक करा आणि मोठ्यापासून लहान अशी यादी लावा. मग रिकाम्या रकान्याच्या पलीकडे बघा. माझा अंदाज असा आहे की अलीकडे नाव आणि रक्कम असेल, पलीकडे मोबाइल नंबर. आणि नावं-रकमा हलल्या असतील, नंबर जागच्या जागी असतील. एक्सेल रिकामा रकाना दिसला की ‘तक्ता इथे संपला’ असं धरून चालतं. पलीकडचं त्याच्या लेखी दुसऱ्याच कोणाचं तरी असतं. यात तो कुठलाही इशारा देत नाही. एक अख्खा रकाना निवडून यादी लावली तर निदान ‘शेजारचेही सोबत हलवू का?’ असं विचारतो; इथे तेही नाही. म्हणजे ३८ हजार एकाचे आणि नंबर भलत्याचा.

तसं निघालं, तर त्या मुलीने काहीच चुकीचं केलेलं नाही. तिला जे शिकवलं होतं तेच तिने केलं. खड्डा फाइलमध्ये होता आणि तो देखणेपणासाठी खणलेला होता.

मग तुम्हाला एक गोष्ट करावी लागेल, आणि ती कुठल्याही सूत्रापेक्षा अवघड आहे. ज्या सगळ्यांसमोर तिला बोललात, त्या सगळ्यांसमोर सांगायचं की चूक फाइलची होती आणि मी विनाकारण बोलले. लांबण लावू नका, दोन वाक्यं पुरेत. पण खासगीत, चहा देताना, हळूच असं नको. तुमच्या दुकानात ‘शिकायची इच्छा नाही’ असं जे तुम्हाला दिसतंय, ते मला बऱ्याच अंशी वेगळं दिसतं. सहा माणसांनी पाहिलं की फाइलला हात लावला तर चारचौघांत पाणउतारा होतो आणि वहीला हात लावला तर होत नाही. त्यांनी शहाणपणाने वही निवडली. मीही तेच केलं असतं.

चुकांबद्दल एक माझीच गोष्ट. एका कारखान्याच्या मजुरीच्या फाइलमध्ये मी बेरजेचं सूत्र पन्नासाव्या ओळीपर्यंत लावून ठेवलं होतं. माणसं वाढली, ओळी पन्नासच्या खाली गेल्या, बेरीज मात्र तिथेच थांबलेली. तीन महिने एकूण मजुरी कमी दिसत होती आणि मालक खूश होते. मी कुठल्या तोंडाने सांगितलं ते आता आठवूनही घाम फुटतो. पुढे वाचलं की हार्वर्डच्या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचंही हेच झालं होतं. देशांच्या कर्जाबद्दलच्या त्यांच्या २०१० च्या निबंधात वीस देशांपैकी पाच देश सरासरीत आलेच नव्हते. सूत्र ४४ व्या ओळीवर थांबलं होतं, देश ४९ पर्यंत होते. निबंधात इतरही दोष निघाले, पण हा दोष २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने मूळ फाइल मागवून उघडली तेव्हा सापडला. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

उपाय साधा आहे. नोंदींचा भाग निवडून कंट्रोल-टी दाबलं की त्याचं ‘टेबल’ होतं, आणि त्यावर लावलेली बेरीज नव्या ओळींबरोबर आपोआप लांबते. आणि सूत्रं नोंदींच्या पानावर ठेवूच नका. नोंदीचं पान मोकळं ठेवा, हिशेबाचं पान वेगळं करा आणि ‘प्रोटेक्ट शीट’ने फक्त त्यालाच कुलूप लावा. (नोंदीच्या पानाला कुलूप लावलंत तर टेबल वाढायचं थांबतं, म्हणून हा घोळ टाळा.) मग कोणी काहीही टाइप केलं तरी जास्तीत जास्त एक ओळ बिघडेल.

आणि एक ‘बिघडवायची फाइल’ ठेवा. खरीच फाइल, पण प्रत. नावच ते द्या. सगळ्यांना सांगा, ही बिघडवून दाखवा. ओळी पुसा, यादी उलटीपालटी करा, मग कंट्रोल-झेडने परत आणा. ज्याने एकदा मुद्दाम बिघडवून परत आणलंय, त्याची भीती गेली. गूगल शीट वापरत असाल तर ‘व्हर्जन हिस्टरी’त कालची फाइल कशी परत आणायची तेही दाखवा. माझ्या अनुभवात शिकवण्याच्या पहिल्या दिवसाचा हा सगळ्यात उपयोगी तास असतो, आणि तो कुठल्याच क्लासमध्ये नसतो.

आता पाटील.

तुमच्या दुकानात उधारीवर किती पाटील आहेत? वीस तरी असतील. वहीत काका ‘कवठ्याचे पाटील’, ‘बोअरवाले पाटील’, ‘पाटील गुरुजींचा धाकटा’ असं लिहीत असणार आणि त्यांचा कधीच गोंधळ होत नसणार. एक्सेलला ‘पाटील’, ‘पाटिल’ आणि ‘पाटील’च्या पुढे चुकून पडलेली एक मोकळी जागा, ही तीन वेगळी माणसं वाटतात, आणि खरी तीन वेगळी माणसं सारखंच नाव टाकलं की एक वाटतात. खतावणी चुकते ती इथे. मी पाहिलेल्या दहा बिघडलेल्या फाइलींपैकी सात-आठ तरी सूत्रांमुळे नव्हे, नावांमुळे बिघडलेल्या होत्या.

म्हणून सगळ्यात आधी गिऱ्हाइकांची पक्की यादी हवी. प्रत्येकाला एक खाते क्रमांक, मग नाव, गाव, ओळखीची खूण, मोबाइल, ‘कधी देणार’. ही यादी काकांनी सांगायची आणि काउंटरवरच्या मुलीने टाइप करायची. रोज दुपारी पंधरा नावं, घाई नाही. नोंदीच्या पानावर नाव टाइप करायचंच नाही, या यादीतून निवडायचं. एक्सेलमध्ये याला ‘डेटा व्हॅलिडेशन’ म्हणतात. बाण दाबला की यादी उघडते. यादीत नसलेलं नाव टाइप केलं तर ते घेतच नाही, म्हणजे ‘पाटील’चा ‘पाटिल’ व्हायचा प्रश्नच मिटला. मराठीत ठेवायची की इंग्रजीत, यावर वाद घालू नका. ज्यात ती मुलगी न अडखळता लिहिते त्यात ठेवा, पण एकातच. नुसत्या याद्या लावायला आणि शोधायला देवनागरीत काही अडत नाही.

या यादीने आणखी एक काम होतं. काकांच्या डोक्यातली सव्वीस वर्षांची माहिती दुकानाच्या मालकीची होते, आणि ते काढून घेतल्यासारखं न होता त्यांनी दिल्यासारखं होतं. काकांना खरी भीती कशाची असेल? माझा तर्क असा की वही हातातून गेली की आपण दुकानात कशाला, हाच प्रश्न त्यांना रात्री पडत असणार. तुमचा भाऊ ‘मोकळं कर’ म्हणतो, तेव्हा ती भीती खोटी आहे असंही म्हणता येत नाही. त्यांच्याशी बोला, वडिलांना सोबत बसवून. त्यांची जागा काय राहणार ते स्पष्ट सांगा. मला विचाराल तर ती जागा मेळ घालणाऱ्याची आहे. टाइप मुलीने करायचं. संध्याकाळी बंद करायच्या आधी पंधरा मिनिटं दोघांनी वही आणि फाइल शेजारी ठेवून दिवसाची जमा आणि उधारी जुळवायची. जुळली नाही तर कोण चुकलं ते न विचारता कुठे फरक आहे ते शोधायचं. शनिवारी आठवड्याचं एकदम टाइप करणं आजपासून बंद, कारण सहा दिवस शिळी फाइल कोणी उघडत नाही, आणि जी कोणी उघडत नाही ती भरण्यात कोणाचा जीव रमेल?

दोन्हीकडे लिहायचं ते किती दिवस? दुप्पट काम आहे, कुरकुर होईल. तीन महिने धरा. लागोपाठ चार आठवडे मेळ बसला की वही बंद करायचं काकांनीच ठरवावं. त्यांनी शेवटपर्यंत माउसला हात लावला नाही तरी मला त्यात गैर दिसत नाही. त्यांना शीट वाचता आलं पाहिजे, लिहिता आलंच पाहिजे असं नाही.

साठा का जुळत नाही, यावरही दोन शब्द, कारण तिथे तुम्ही एक्सेलला उगाच दोष देताय असं वाटतं. घरगुती वायरचं बंडल सहसा ९० मीटरचं असतं. गोदामातले मामा ‘२ बंडल’ म्हणतात, बिलावर ‘१८० मीटर’ असतं, काउंटरवरून सुटी ३५ मीटर कापून दिली जाते आणि वहीत ‘१ बंडल फोडलं’ असं लिहिलं जातं. यात कोणी खोटं बोलत नाही, पण कुठलंही सॉफ्टवेअर याची बेरीज करू शकत नाही. प्रत्येक मालाचं मोजायचं एकक आधी ठरवा: केबल मीटरमध्ये, पाइप नगात, फिटिंग नगात. त्याची यादी गोदामाच्या दारावर चिकटवा. मग आठवड्यातून एकदा फक्त दहा वस्तू मोजा, अख्खं गोदाम नको. पहिल्या महिन्यात उधारीच घ्या. साठ्याला नंतर हात घाला.

शिकवायचं कधी आणि कसं, हे तुम्ही सर्वात आधी विचारलंत आणि मी सर्वात शेवटी आले. रविवारी नको. सुट्टीचा दिवस घेऊन शिकवलं की शिक्षण शिक्षेसारखं वाटतं. पंपाच्या धंद्यात उन्हाळा म्हणजे मरायला फुरसत नाही. पाऊस लागला की दुपार रिकामी असते. तेव्हा सुरू करा. दोन ते तीनच्या मधली वीस मिनिटं, कामाच्या वेळेत, पगारात. जीएसटी रिटर्नच्या आधीचे दिवस, महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली की, सोडून द्या. माउस शिकणाऱ्याच्या हातात, शिकवणाऱ्याचे हात मागे. हे फार कठीण जातं, मी अक्षरशः हातांची घडी घालून बसायची.

आणि सगळ्यांना सगळं नको. काउंटरवरच्या मुलीला नोंद, यादीतून नाव निवडणं, फिल्टर, आणि हळूहळू सम-इफ. एमएस-सीआयटी तिने केलेलं असेल, पण तिथे गुणपत्रिकेची बेरीज केलेली असते. स्वतःच्या दुकानाची उधारी कोणी दिलेली नसते. मामांना मोबाइलवर शीट उघडून एक वस्तू शोधता आली की पुष्कळ. टेम्पोवाल्याला काहीच नको, त्याला चार रविवार कशाला बसवलंत कोण जाणे. तुम्ही स्वतः मात्र पिव्हट शिका, कारण प्रश्न तुम्ही विचारणार आहात.

तारखेबद्दल एक खबरदारी. ५ एप्रिलला ०५/०४ टाइप केलं आणि संगणक अमेरिकन पद्धतीवर असला तर तो ४ मे समजतो. १३/०४ वर्षासकट टाकलं तर त्याला तेरावा महिना सापडत नाही, मग तो गुपचूप त्याला नुसता मजकूर समजतो. ओळखायची खूण सोपी आहे. काही सजावट केलेली नसेल तर खरी तारीख आणि खरा आकडा घरात उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. ही खूण सगळ्यांना शिकवा, मामांनाही. डावीकडे चिकटलेली तारीख दिसली की ओरडायचं. संगणकाचं ‘रिजन’ इंग्लिश-इंडिया करून घ्या, लाख-कोटींचे स्वल्पविरामही मग जागच्या जागी पडतात. आजची तारीख टाइपच करायची नाही, कंट्रोल धरून अर्धविरामाचं बटण दाबलं की येते.

आता भावाचा सल्ला. बीकॉमचा मुलगा ठेवणं वाईट नाही, पण त्याने काय सुटेल ते बघा. त्याला व्ही-लुकअप (दुसऱ्या यादीतली माहिती शोधून आणणारं सूत्र) येईल, ‘बोअरवाले पाटील’ कोणते ते येणार नाही. ते तो कोणाला विचारणार? ज्यांना तुम्ही मोकळं केलंत त्यांनाच. शिवाय वर्ष-दीड वर्षात त्याला सांगलीत किंवा पुण्यात बरी नोकरी लागली की फाइलचं कोडं तुमच्याकडे ठेवून तो जाईल. मी अशा अनाथ फाइली पुष्कळ पाहिल्या आहेत; चौदा पानं, लपवलेले रकाने, आणि पासवर्ड कोणालाच माहीत नाही. धंदा वाढून काम खरोखर जास्त झालं तर माणूस जरूर वाढवा, पण आधी घरची यादी पक्की होऊ द्या. आणि ती मुलगी हे नवं काम करणार असेल तर तिचा पगार वाढवा. किती ते तुम्ही ठरवा, पण ‘शिकायला मिळतंय ना’ हा पगार नव्हे.

काका यादी सांगायचंच टाळत राहिले, वही घरी नेऊ लागले, विचारलं की ‘माझ्या ध्यानात आहे’ म्हणू लागले, तर प्रकरण वेगळं. तेव्हा भिडस्तपणा नको. वही दुकानाची आहे, हे वडिलांनीच सांगायला हवं, तुम्ही नव्हे. पण तिथवर जाईल असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. जो माणूस चूक दिसल्यावर कारण सांगतो, तो माहिती दडवणारा नसतो.

हे वाचणाऱ्या इतरांचं दुकान पंपाचं नसेल. डबे पोचवणारं असेल, शिवणकामाचं असेल, गॅरेज असेल. तुम्ही आधी इतकंच शोधा की तुमच्याकडे रोज मोठ्याने विचारला जाणारा प्रश्न कोणता: ‘उद्या किती डबे?’, ‘कोणाचा ब्लाउज कधी द्यायचाय?’, ‘त्या गाडीचं काय अडलंय?’ पहिली शीट त्या एकाच प्रश्नाची करा. आणि उत्तर तोंडी मागणं मालकाने थांबवायचं. ताई, हे तुम्हालाही. तुम्ही जोवर “काका, कदमांचे किती?” असं ओरडून विचारताय आणि ते ओरडून सांगताहेत, तोवर शीट कोणासाठी भरायचं? लक्ष्मीपूजनाला लॅपटॉपला हळदकुंकू लावणारे मालक मी खूप बघितले, रोज सकाळी तो उघडणारे कमी.

‘अॅडव्हान्स्ड’ बॅचचे पैसे निदान या दिवाळीपर्यंत भरू नका. त्या पैशात काउंटरला एक मोठा मॉनिटर घ्या आणि आकडे मोठ्या अक्षरात लावा. तुमच्या लॅपटॉपवरचे ते बारीक आकडे काकांना चष्म्यातून नीट दिसत नसणार, आणि हे त्यांनी तुम्हाला बहुधा सांगितलेलं नसणार.